काच आधी, लेन्स नंतर

मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

सुरुवातीला एक वस्तू फिरवायला देतो. ही कॅमेऱ्याची लेन्स आहे, जपानी, साधारण 1970 च्या आसपासची. जरा जपून हाताळा. खिडकीच्या उजेडाकडे धरून आरपार बघितलंत तर काच पिवळसर दिसेल, पातळ चहासारखी. कुणी रंग दिलेला नाही आणि ती मळलेलीही नाही. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती स्वच्छ होती. पिवळी का झाली ते पुढे येईल.

लेन्सचा इतिहास सांगताना आपण नेहमी आकाराबद्दल बोलतो. कुणी किती भिंगं एकामागे एक बसवली, कुणाचं डिझाइन कुणी उचललं वगैरे. ‘लेन्स’ हा शब्दसुद्धा आकारावरूनच आला आहे, लॅटिनमधल्या मसुराच्या नावावरून. पण आकार देण्याआधी हातात काच लागते. आणि दोनशे वर्षांचा इतिहास बघितला तर लेन्स बनवणारे अडले ते बहुतेक वेळा काचेपाशी. गणित कागदावर तयार असायचं, कारागीर तयार असायचे, हवी ती काच मात्र नसायची. तेव्हा काही जणांनी ठरवलं की आता भट्टी आपणच पेटवायची. आजचं व्याख्यान त्यांच्याबद्दल आहे.

आधी थोडं विज्ञान, अगदी जरुरीपुरतं. काचेचे दोन गुण आपल्याला हवेत. एक म्हणजे प्रकाश तिच्यातून जाताना किती वाकतो, तो वक्रीभवनांक. दुसरा म्हणजे वाकताना त्यातले रंग एकमेकांपासून किती फाकतात, ते अपस्करण. एकाच भिंगातून चित्र पाडलं तर कडांना रंगीत झालर येते, ती या फाकण्यामुळे. त्यावरचा उपाय अठराव्या शतकात लंडनच्या जॉन डोलंडने पेटंट घेऊन बाजारात आणला, 1758 साली. दोन प्रकारच्या काचांची भिंगं जोडायची. एक साधी ‘क्राउन’ काच, दुसरी शिसं घातलेली जड ‘फ्लिंट’ काच. एकीने फाकवलेले रंग दुसरी गोळा करते.

ऐकायला सोपं आहे. पण फ्लिंट काच चांगली मिळेचना. तुम्ही घरी साखरेचा पाक पाण्यात सोडून बघा. पाणीही पारदर्शक, पाकही पारदर्शक, तरी मिसळताना त्यात वेटोळ्या रेषा हलताना दिसतात. शिशाच्या काचेत हेच होतं. शिसं जड, ते तळाशी बसतं, वरची काच हलकी राहते आणि थंड झाल्यावर त्या रेषा आत कायमच्या गोठतात. पाणी प्यायच्या पेल्याला त्याने काही बिघडत नाही. दुर्बिणीला बिघडतं. त्यामुळे तळहाताएवढा निर्दोष तुकडासुद्धा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग होता.

यातून वाट काढली ती एका स्विस कारागिराने. पिएर लुई गिनाँ. जुरा डोंगरातल्या ले ब्रने गावचा. विद्यापीठाचं तोंडही न बघितलेला माणूस. त्याने स्वतःच्या भट्टीत वर्षानुवर्षं काच वितळवली, फेकली, पुन्हा वितळवली. शेवटी त्याला सापडलं ते इतकं साधं आहे की हसू येतं: काच ढवळायची. पण कशाने? लोखंड घातलं तर काचेला रंग चढतो, लाकूड जळून जातं. त्याने मूस ज्या मातीची करतात त्याच भाजलेल्या मातीचा दांडा केला आणि त्याने वितळलेली काच सावकाश ढवळत राहिला. पाक ढवळल्यावर एकजीव होतो, तशी ती झाली.

1805 साली उट्झश्नायडर नावाच्या बव्हेरियन उद्योजकाने गिनाँला म्युनिकजवळच्या बेनेडिक्टबॉयर्नला नेलं. तिथे जुन्या मठाच्या आवारात काचेची भट्टी उभी राहिली. पुढच्या वर्षी त्या उद्योगात एक पोरसवदा मुलगा आला, योझेफ फ्राउनहोफर. पुढे तोही काच वितळवायला शिकला. सूर्याच्या वर्णपटातल्या ज्या काळ्या रेषा त्याच्या नावाने ओळखल्या जातात, त्या त्याला काचेची मोजणी करताना फार उपयोगी पडल्या. कारण रंगाला निश्चित खूण मिळाली. ‘लाल’ म्हणजे नेमका कुठला लाल, हे प्रत्येक काचेसाठी तंतोतंत सांगता यायला लागलं. आपण शाळेत त्या रेषा खगोलशास्त्राच्या धड्यात शिकतो. पण त्यांचा एक पाय काचेच्या भट्टीत आहे, हे सांगत नाहीत.

गिनाँ 1814 मध्ये आपल्या गावी परतला. त्याची युक्ती त्याच्या मुलांकडे गेली. एका मुलाकडून ती फ्रान्समध्ये जॉर्ज बोंताँ या काचकारखानदाराकडे पोचली. बोंताँ 1848 च्या फ्रेंच क्रांतीनंतर इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सच्या कारखान्यात. म्हणजे युक्तीचा प्रवास बघा: स्वित्झर्लंड, बव्हेरिया, फ्रान्स, इंग्लंड. प्रत्येक वेळी ती माणसाबरोबर गेली. या विषयात पुढेही हेच दिसेल.

मधल्या मध्ये एक गंमत सांगतो. इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटीला वाटलं, ही काच आपणही करावी. काम दिलं मायकेल फॅरेडेला! 1820 च्या दशकाची शेवटची वर्षं त्या बिचाऱ्याने भट्टीशी झुंजण्यात घालवली. दुर्बिणीच्या धंद्याला त्यातून फारसं काही मिळालं नाही. पण त्याने केलेला जड काचेचा एक तुकडा राहिला, आणि 1845 मध्ये त्याच तुकड्यातून प्रकाश पाठवताना त्याला दिसलं की चुंबकामुळे प्रकाशाचं ध्रुवण फिरतं. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध पहिल्यांदा दिसला तो त्या फसलेल्या काचेत.

आता येनाकडे वळू. माझ्या मते या सगळ्या कथेचा मध्य तिथे आहे.

येना हे जर्मनीतलं एक लहान विद्यापीठाचं गाव. तिथे कार्ल त्साइस सूक्ष्मदर्शकं बनवायचा आणि विद्यापीठातला एर्न्स्ट आबे त्याच्यासाठी गणित करायचा. आबेचा बाप आयझेनाखच्या सूतगिरणीत कामगार होता, दिवसाचे चौदा-सोळा तास उभं राहून काम करणारा. आबे पुढे श्रीमंत झाला, कारखान्याचा भागीदार झाला, आणि 1900 साली त्याने त्साइसमध्ये आठ तासांचा दिवस लागू केला. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर आबेने सिद्धांत पूर्ण केला. सूक्ष्मदर्शक किती चांगला होऊ शकतो हे त्याला कागदावर दिसत होतं. तो तिथपर्यंत पोचत नव्हता, कारण बाजारात मिळणाऱ्या सगळ्या काचा जणू एकाच रांगेत उभ्या होत्या. जास्त वाकवणारी घेतली की ती रंगही जास्त फाकवणार. कमी फाकवणारी घेतली की ती वाकवणारही कमी. किराणा दुकानात गेलात आणि दुकानदार म्हणाला की साखर घ्यायची तर सोबत तेवढंच मीठ घ्यावंच लागेल, तसं. 1876 मध्ये लंडनला वैज्ञानिक उपकरणांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते बघून आल्यावर आबेने अहवालात स्पष्ट लिहिलं की सूक्ष्मदर्शकाचं भवितव्य आता काच बनवणाऱ्यांच्या हातात आहे.

तो अहवाल ओटो शॉट या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या वाचनात आला. विटेन गावचा, घरात काचेचा धंदा. 1879 च्या मे महिन्यात त्याने आबेला पत्र लिहिलं: मी लिथियम घालून एक नवी काच केली आहे, तपासून बघाल का? काच तपासली. ती काही खास निघाली नाही. पण आबेने पत्रव्यवहार तोडला नाही, आणि या कथेत मला सगळ्यात मोठेपणाची गोष्ट वाटते ती ही. शॉट विटेनमध्ये लहान लहान मुशींमध्ये काच वितळवायचा, नमुने येनाला पाठवायचा, आबे मोजून आकडे परत पाठवायचा. बोरॉन घाल, फॉस्फरस घाल, बेरियम घालून बघ. तोवर काच म्हणजे मुख्यतः वाळू, सोडा किंवा पोटॅश, चुना आणि शिसं. शॉटने मूलद्रव्यांच्या तक्त्यातलं एकेक उचलून काचेत घालून बघितलं. 1882 मध्ये तो येनालाच राहायला आला आणि 1884 मध्ये शॉट, आबे, कार्ल त्साइस आणि त्याचा मुलगा रोडेरिख यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा काढली. प्रशियाच्या सरकारने पैशाची मदत केली. 1886 च्या पहिल्या यादीत 44 प्रकारच्या काचा होत्या.

कॅमेऱ्यासाठी यातली बेरियमची काच महत्त्वाची. ती जास्त वाकवते पण रंग त्या मानाने कमी फाकवते. रांग मोडली! त्याआधीच्या छायाचित्रांत मधला माणूस रेखीव आणि कडेचे पुसट, कारण लेन्सचं चित्र सपाट प्लेटवर नीट बसत नसे. त्साइसच्या पाउल रुडोल्फने 1890 मध्ये नव्या काचा वापरून जी लेन्स केली, पुढे ‘प्रोटार’ म्हणून ओळखली गेलेली, तिने कडेच्या माणसांनाही चेहरे दिले. 1902 मध्ये त्याचीच ‘टेसार’ आली. चार भिंगांची ती रचना पुढे शंभर वर्षं या ना त्या रूपात चालू राहिली.

आबेला आणखी एक पदार्थ हवा होता, जो काच नव्हताच: फ्लोराइट, एक नैसर्गिक स्फटिक. रंग अतिशय कमी फाकवतो. 1886 च्या त्याच्या प्रसिद्ध सूक्ष्मदर्शक-भिंगांमध्ये तो वापरला होता आणि सुरुवातीला हे गुपित होतं. स्वच्छ फ्लोराइट मिळायचा स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झजवळच्या डोंगरात. त्यासाठी आबे स्वतः डोंगर चढला. पण निसर्ग तो लहान तुकड्यांत देतो. सूक्ष्मदर्शकाला तेवढा पुरतो, कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सला नाही. हा धागा लक्षात ठेवा.

येनाचं यश एवढं मोठं होतं की बाकीच्यांनी काच करणं जवळजवळ सोडून दिलं. विकत मिळते आहे, चांगली मिळते आहे, मग भट्टी कशाला? 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनला लागणाऱ्या प्रकाशीय काचेपैकी साधारण 60 टक्के जर्मनीतून येत होती, 30 टक्के फ्रान्समधून आणि घरचे चान्स ब्रदर्स देत होते फक्त 10 टक्के. एका रात्रीत 60 टक्के बंद. दुर्बिणी, तोफांचे अंतरमापक, पाणबुड्यांचे पेरिस्कोप, सगळ्याला काच लागते. अमेरिकेचीही तीच गत. तिथे रॉचेस्टरच्या बाउश अँड लॉम्बने युद्धाच्या थोडं आधी स्वतःची भट्टी सुरू केली होती म्हणून निदान काहीतरी हाताशी होतं. 1917 मध्ये कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ त्या भट्टीवर जाऊन उभे राहिले. ही मंडळी मुळात ज्वालामुखीच्या खडकांचा अभ्यास करणारी. पण वितळलेला खडक आणि वितळलेली काच यांत रसायन फार वेगळं नाही.

आणि जपान. 1917 च्या जुलैत मित्सुबिशीच्या पाठिंब्याने तोक्योत निप्पॉन कोगाकू ही कंपनी स्थापन झाली. तीच आजची निकॉन. कॅमेरा करायचा म्हणून नव्हे, नौदलाच्या उपकरणांसाठी. पुढच्याच वर्षी तिथे काचेचं संशोधन सुरू झालं. 1921 मध्ये जर्मनीहून आठ तंत्रज्ञ बोलावले. त्यांपैकी हाइन्रिख आख्त 1928 पर्यंत राहिला आणि जपानी लेन्स-डिझायनरांची पहिली पिढी त्याच्या हाताखाली शिकली. नौदलाची स्वतःची काचेची भट्टी तोक्योतल्या त्सुकिजीला होती. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात ती गेली, आणि त्यानंतर काचेची जबाबदारी निप्पॉन कोगाकूवर आली.

त्या भट्टीवर काम कसं चालायचं ते सांगतो, म्हणजे ‘स्वतःची काच’ या शब्दांचं वजन कळेल. मातीची मोठी मूस. आधी तीच आठवडेच्या आठवडे सावकाश वाळवायची, कारण भट्टीत तडकली तर सगळा माल वाहून जातो. वाळू अशी हवी की लोखंडाचा अंश जवळजवळ नाही, नाहीतर काच हिरवट. वितळवायचं, बुडबुडे निघून जायची वाट बघायची, मग तासन्‌तास ढवळायचं. नंतर मूस बाहेर काढून आतल्या काचेसकट हळूहळू थंड करायची आणि शेवटी हातोड्याने फोडायची. आतून काचेचे ओबडधोबड गोटे निघायचे. एकेक उजेडात धरून बघायचा: रेषा आहे, बाजूला, बुडबुडा आहे, बाजूला. वितळवलेल्यातला पाचवा हिस्सा कामाचा निघाला तरी भट्टीवाले खूश. मग तो हिस्सा पुन्हा तापवून साच्यात दाबायचा आणि पुन्हा थंड करायचा, या वेळी आणखी सावकाश. मोठ्या तुकड्याला आठवडे लागतात. घाई केली तर काचेत ताण राहतो आणि वक्रीभवनांक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बदलतो. इथे हिशेब दशांशचिन्हानंतरच्या पाचव्या-सहाव्या घराचा असतो. आज मुशीच्या जागी प्लॅटिनमने मढवलेली भांडी आली, काच सलग धारेने बाहेर येते. पण सावकाश थंड करण्याला पर्याय अजून सापडलेला नाही.

ज्याच्याकडे काच होती त्याच्याकडे बाकीचे येत. 1936 चा पहिला ‘हान्सा कॅनन’ कॅमेरा घ्या. त्यावरची लेन्स निक्कोर होती, म्हणजे निप्पॉन कोगाकूची. आज ज्यांची जाहिरात एकमेकांच्या नाकावर टिच्चून चालते, त्यातल्या एकाची सुरुवात दुसऱ्याच्या लेन्सवर झाली! मिनोल्टानेही 1942 मध्ये स्वतःची काच सुरू केली.

1945 मध्ये येनाला काय झालं? एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य तिथे पोचलं. पण तो प्रदेश रशियाच्या वाट्याला जाणार हे आधीच ठरलेलं होतं. मग अमेरिकनांनी जाताना माणसं उचलली. त्साइसचे आणि शॉटचे निवडक तज्ज्ञ, शॉटचे 41 जण, ट्रकांत बसवून पश्चिमेला नेले. त्यांनीच 1952 मध्ये माइन्त्सला नवा कारखाना उभा केला. मागून आलेल्या रशियनांनी यंत्रं उचलली. युक्रेनमधल्या कीव्ह शहरात त्साइसचा ‘कॉन्टॅक्स’ कॅमेरा ‘कीव्ह’ नावाने निघायला लागला. लेन्सचं सूत्रही तेच. पण सुरुवातीच्या लेन्समध्ये जर्मनीतून आणलेली काच होती. ती संपत आली तशी तीच लेन्स रशियन काचेसाठी नव्याने गणित करून बसवावी लागली. नकाशा आहे, यंत्र आहे, कारागीर आहेत. काच बदलली की लेन्स बदलली.

आता ती पिवळी लेन्स परत आली असेल तर द्या इकडे. धन्यवाद.

1930 च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज मोरी या शास्त्रज्ञाने काचेत लँथॅनमसारखी दुर्मीळ मृदा-मूलद्रव्यं घातली आणि कोडॅकने ती काच वापरात आणली. शॉटच्या बेरियम काचेनंतरची ही दुसरी मोठी उडी. प्रकाश खूप वाकतो, रंग मात्र आवरलेले राहतात. काही मिश्रणांत थोरियमही घालत. थोरियम किरणोत्सारी आहे. घाबरू नका, हातात धरल्याने काही होत नाही. पण त्या किरणांनी वर्षानुवर्षं काचेच्या आतच हलका मारा केला आणि ती पिवळी पडली. काही आठवडे उन्हात ठेवली तर बरीच उजळते. पुढे थोरियम सोडून दिलं, लँथॅनम राहिलं. आज तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ते असण्याची दाट शक्यता आहे.

फ्लोराइटचा धागा राहिला होता. मोठे तुकडे निसर्ग देत नाही, तर कॅननने ते प्रयोगशाळेत वाढवले. 1969 मध्ये कृत्रिम फ्लोराइटचं भिंग असलेली 300 मिलिमीटरची लेन्स त्यांनी बाजारात आणली. आबेला जे डोंगरात शोधावं लागलं ते भट्टीत तयार झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘आम्ही आमची काच स्वतः करतो’ हे वाक्य जाहिरातीत भारदस्त दिसतं, पण जगातले बहुतेक कॅमेरावाले बरीचशी काच विकत घेतात: जपानच्या ओहारा आणि होयाकडून, जर्मनीच्या शॉटकडून, चीनमधल्या चेंगदूच्या कारखान्याकडून. निकॉनची हिकारी ग्लास ही अकिता प्रांतातली उपकंपनी आहे, तो अपवाद. वेट्सलारच्या लाइट्सने, म्हणजे लायकावाल्यांनी, मधला मार्ग काढला होता. स्वतःच्या छोट्या प्रयोगशाळेत नव्या काचेची कृती शोधायची आणि मोठ्या प्रमाणावर वितळवण्याचं काम काचवाल्यांना द्यायचं. कृती ज्याची, काच त्याची, असं म्हणायचं असेल तर ते खरं धरू. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण मोठी भट्टी विझवता येत नाही. मागणी असो नसो, ती जळत ठेवावी लागते.

आपल्याकडे हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर आला. सैन्याच्या दुर्बिणींना काच हवी, आणि ज्या मोजक्या देशांना ती जमत होती ते कृती सांगत नव्हते. कोलकात्यात जादवपूरला 1950 मध्ये केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था सुरू झाली. तिथे डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली ही काच देशात बनवण्याचं काम झालं आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन सुरू झालं. गिनाँचा मुलगा नाही, येनाचा ट्रक नाही. मिश्रण, मूस, ढवळणं, थंड करणं, सगळं स्वतः चुकत शिकायचं. त्या काळच्या आपल्या विज्ञानकथांमध्ये अणुभट्ट्यांना जेवढी जागा मिळते त्याच्या दहावा हिस्साही या भट्टीला मिळत नाही, याची मला खंत आहे.

आणि 2010. चीन आणि जपान यांच्यात बेटांवरून वाद पेटला आणि चीनमधून दुर्मीळ मृदा-मूलद्रव्यांची आवक आटली. तेव्हा जगाचा नव्वद टक्क्यांहून जास्त पुरवठा तिथून व्हायचा. लँथॅनमचे भाव कडाडले. त्याबरोबर सिरियमचेही, ज्याच्या ऑक्साइडने भिंगांना शेवटची झिलई देतात. स्वतःची भट्टी असलेले आणि नसलेले, दोघेही सारखेच अडले. भट्टी घरची होती, पण तीत घालायचं मिश्रण खाणीतून येतं आणि खाण दुसऱ्याच्या देशात होती. तेव्हापासून काचवाले कमी लँथॅनमच्या काचा शोधताहेत आणि झिलईची भुकटी वाया न घालवता पुन्हा वापरताहेत.

माझी वेळ संपली असं समोरून खुणावताहेत. ही लेन्स इथे टेबलावर ठेवतो, ज्यांची बघायची राहिली त्यांनी बघून घ्या. तोवर प्रश्न घेऊ. हां, तुमचा हात आधी वर होता.